वर्गणीवहिनी

परदेशात मराठी माणसांची वीस-पंचवीस घरं एका गावात जमली की आधी गणपती बसतो, मग ढोल-ताशांचं पथक निघतं, आणि या दोन्हींचे पैसे आणायचे कुठून हा प्रश्न पडला की वर्गणीवहिनी आपोआप तयार होतात. त्यांना कोणी निवडून देत नाही, कोणी नेमत नाही. बैठकीत सगळे जण आपापल्या मोज्यांकडे टक लावून बसलेले असताना एकच बाई म्हणते, "बरं, मी बघते," आणि मग वर्षानुवर्षं तीच बघत राहते. न्यू जर्सीतल्या आमच्या गावातही अशा एक वहिनी आहेत. गणपतीबरोबर मुलांच्या शाळेची वर्गणीही त्याच बघतात. त्यांचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर या लेखाचं मानधन शाळेच्या खात्यात जमा करावं लागेल.

त्या ओळखू येतात डिकीवरून. डिकीत कायम एक घडीचं टेबल, दोन घडीच्या खुर्च्या आणि डॅनिश बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा. जगभरातल्या आयांनी त्या डब्यात सुई-दोरा ठेवला, वहिनींनी सुटे पैसे ठेवले. "माझ्याकडे कॅश नाही हो," हे वाक्य या देशात एके काळी मोठं संरक्षण होतं. वहिनींनी क्यूआर कोड लॅमिनेट करून गळ्यात घातला आणि तेही संपवलं. टेबल मांडणं आणि उचलणं हे खातं त्यांच्या यजमानांकडे. ते स्वतः कधीच काही मागत नाहीत. फक्त वहिनींच्या मागे उभं राहून आपल्याकडे अशा नजरेनं बघतात, की आपण पाकीट काढतो.

वहिनी आपल्याशी बोलतात तेव्हा त्यांना आपल्या डोक्यावर आपल्या कंपनीचं नाव तरंगताना दिसत असावं. इथे बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्यानं धर्मादाय संस्थेला जितके पैसे दिले तितकेच स्वतःचे घालतात. त्याला 'मॅचिंग' म्हणतात. कोणाची कंपनी किती मॅच करते, मर्यादा काय, अर्ज कधीपर्यंत भरायचा, हे त्या कर्मचाऱ्याला माहीत नसतं, वहिनींना असतं. नोकरी बदलल्याची बातमी आई-वडिलांच्या आधी त्यांना कळते. "अभिनंदन भाऊजी! आता दुप्पट नाही, तिप्पट होणार!" आपल्याला वाटतं, पगाराबद्दल बोलतायत. इंडियन ग्रोसरीत त्या दुधी निवडताना दिसल्या, की अनुभवी माणूस बासमतीच्या थप्पीमागे सरकतो. फायदा होत नाही, कारण त्या दुधी निवडत नसतातच.

हे घराण्यातून आलेलं आहे. त्यांची आजी पुण्यात हिंगण्याच्या संस्थेची भाऊबीज गोळा करत असे. महर्षी कर्व्यांच्या शाळेसाठी दिवाळीत घरोघरी जायचं, भावानं बहिणीला घालावी तशी ओवाळणी मागायची आणि पावती फाडायची. ज्यानं ही कल्पना काढली त्याला माणसाच्या स्वभावाची फार खोल जाण असली पाहिजे, कारण देणगी नाकारता येते, पण दारात आलेल्या बहिणीला दिवाळीच्या दिवशी परत कसं पाठवणार? खुद्द कर्वे सत्तरी उलटल्यावर निधीसाठी युरोप-अमेरिका-आफ्रिका फिरून आले. वहिनी हे अशा थाटात सांगतात, की कर्व्यांची तिकिटं त्यांच्याच आजीनं काढून दिली होती असं वाटावं.

अमेरिकेतली सरकारी शाळा फुकट असते, असं आम्ही इथे येण्याआधी ऐकलं होतं. ते खरंच आहे. फक्त सप्टेंबरपासून जूनपर्यंत मुलगा दप्तरातून रोज एक रंगीत कागद आणतो. आज गिफ्ट रॅपचे कॅटलॉग, उद्या बादलीभर कच्चं कुकीचं पीठ, परवा वॉक-अ-थॉन. म्हणजे पोरं मैदानाला गोल गोल चकरा मारणार आणि चकरेमागे पैसे आपण देणार. एके काळी तर सीरियलच्या खोक्यांवरचे इवले कूपन कापून शाळेत द्यायचे असत, एका कूपनाला दहा सेंट. त्या काळात वहिनींच्या घरी चहाला गेलं तर त्या बशी पुढे करण्याआधी विचारायच्या, "तुमच्याकडचे खोके टाकले नाहीत ना?" आम्ही चीरिओज खायचो ते आवडीनं नव्हे, धाकानं.

बेक सेल, म्हणजे घरी केलेलं खाणं शाळेसाठी विकणं, वहिनींना मात्र सुरुवातीला जमेना. पहिल्या वर्षी त्यांनी शेंगदाण्याची चिक्की केली. शाळेच्या नर्सबाईंनी ती लांब धरून, स्फोटक पदार्थ सापडावा तशी बाहेर नेली. पुढच्या वर्षी तिळाची वडी. मग २०२३ पासून तीळही कायद्यानं मोठ्या अ‍ॅलर्जींच्या यादीत नववा जाऊन बसला. संक्रांतीवर एवढा मोठा घाला कोणी घातला नव्हता. शेवटी शंकरपाळे तरले. 'डायमंड कुकीज, नट फ्री' अशी चिठ्ठी लावून ते खपले, आणि एका आयरिश आजोबांनी तर पाककृती मागून घेतली.

अशा परिस्थितीत वहिनींच्या आयुष्यात मेरी मॅक्लाउड बेथ्यून आल्या, आणि त्या आल्या डिस्नेच्या सहलीत. चार कुटुंबं ऑरलँडोला गेलो होतो. तिथून तासाभरावर डेटोना बीच आहे म्हणून समुद्र बघायला निघालो, तर वाटेत वहिनींना बेथ्यून-कुकमन युनिव्हर्सिटीची पाटी दिसली आणि त्यांनी व्हॅन आत वळवायला लावली. आवारात बाईंचं राहतं घर जपून ठेवलंय, जवळच त्यांची समाधी. आम्ही सावली शोधत होतो, मुलं रुसली होती. वहिनी मात्र घर दाखवणाऱ्या बाईंना एकामागून एक प्रश्न विचारत होत्या आणि सगळे प्रश्न एकाच जातीचे: "ते झालं, पण पैसे कुठून आणले?"

आता, याचं उत्तर ऐकण्यासारखं होतं हे मान्य करायला हवं. बेथ्यूनबाई जन्मल्या १८७५ मध्ये, साउथ कॅरोलायनात. आई-वडील गुलामीतून सुटलेले, घरात सतरा भावंडं. पुढे त्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या सल्लागार झाल्या, काळ्या स्त्रियांची देशव्यापी परिषद उभी केली, आणि २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये फ्लोरिडा राज्यातर्फे त्यांचा संगमरवरी पुतळा बसला, तोही आधी तिथे असलेल्या, गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या एका सेनापतीचा पुतळा हलवून. पण वहिनींना या सगळ्यात रस नव्हता. त्यांचं लक्ष १९०४ च्या ऑक्टोबरवर होतं. त्या महिन्यात बाईंनी डेटोनात भाड्याच्या घरात काळ्या मुलींची शाळा काढली. भांडवल दीड डॉलर. विद्यार्थी म्हणजे पाच मुली आणि स्वतःचा मुलगा. खोक्यांची बाकं, जळक्या लाकडाच्या काड्यांच्या पेन्सिली, एल्डरबेरीचा रस पिळून केलेली शाई. मग शाळेला जागा हवी म्हणून त्यांनी गावाचा उकिरडा पसंत केला. बयाणा पाच डॉलर ठरला. तेवढेही जवळ नव्हते. बाईंनी बांधकामावरच्या मजुरांना आइस्क्रीम आणि रताळ्याचे 'पाय' (पारीत गोड सारण भरून भाजलेले) विकले, आणि पाच डॉलरची सगळी चिल्लर रुमालात बांधून मालकापुढे ठेवली.

"रुमालात!" वहिनी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बिस्किटाचा डबा आपण सुचवायला हवा होता, असंही बहुधा वाटत असावं.

परतीच्या वाटेवर ऑरलँडो येईपर्यंत व्हॅनमध्ये फक्त बेथ्यूनबाई होत्या. त्या कंत्राटदारांच्या मागे लागून वाळू आणि जुन्या विटा कशा मागायच्या, सायकलवरून श्रीमंतांच्या दारात कशा जायच्या, मुलींचं गाणं पर्यटकांच्या हॉटेलांत कसं ठेवायच्या. आणि मग तो जेम्स गँबलचा किस्सा. हा गँबल म्हणजे प्रॉक्टर अँड गँबलमधला, साबणवाला. बाईंनी त्याला चिठ्ठी पाठवून शाळेवर विश्वस्त म्हणून बोलावलं. तो आला, बघतो तर चार मोडकी खोकी. विचारतो, ज्या शाळेचा मी विश्वस्त व्हायचं ती शाळा आहे कुठे? बाई म्हणाल्या, सध्या माझ्या डोक्यात आहे, तिचेच व्हा. आणि झाला की! नुसता पैसे देऊन गेला नाही, विश्वस्त मंडळात बसला. पुढे शिलाई मशीनवाला टॉमस व्हाइट आला. त्याला एका खोलीत मक्याच्या पिठाचं खोकं दिसलं आणि दुसऱ्या खोलीत मुली मोडक्या मशीनवर शिवण शिकताना दिसल्या. मशीन सिंगरचं होतं. स्वतःचा कारखाना असलेल्या माणसाला प्रतिस्पर्ध्याचं मोडकं मशीन दाखवणं, याहून चांगलं आवाहन कुठल्या जाहिरातवाल्यानं लिहिलंय मला माहीत नाही. त्यानं धनादेश दिला आणि नवं मशीन घेऊन परत आला.

"बघा, त्यांनी कोणाला पैसे मागितले का?" वहिनींनी आम्हा सगळ्यांकडे वळून विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. व्हॅनमधून उतरता येत नव्हतं.

त्या वर्षी कार्तिकी एकादशी आणि थँक्सगिव्हिंग यांचे दिवस जवळ आले, आणि वहिनींना साक्षात्कार झाला. रताळं अमेरिकन माणूस थँक्सगिव्हिंगला खातो आणि मराठी माणूस एकादशीला. एकाच पदार्थानं दोन्ही बाजू मारता येतील. पण मैद्याच्या पारीचा पाय उपवासाला कसा चालणार? वहिनींनी पारी राजगिऱ्याची केली. आत उकडलेलं रताळं, साजूक तूप, वेलची, जायफळ आणि अंड्याशिवाय सगळं. पहिले तीन घाणे भुगा होऊन फसले, कारण राजगिरा कशालाच चिकटत नाही. त्यात बटाटा कुस्करून घातल्यावर चौथा उभा राहिला. शाळेच्या टेबलावर पाटी लागली: 'ग्लूटेन फ्री, नट फ्री, एगलेस'. आणि खाली मराठीत, 'उपवासाला चालेल'. दुपारपर्यंत टेबल साफ. आमच्या हिनं दोन आणले, एक उपवासाचा म्हणून आणि एक उपवास सोडायला.

त्यात वहिनी आता वाचायलाही लागल्या. बेथ्यूनबाईंवरून त्या बुकर टी. वॉशिंग्टनच्या आत्मचरित्रावर गेल्या. अलाबामात टस्कीगीची शाळा उभी करणारा हा माणूस निधीच्या बाबतीत वस्ताद होता. रेल्वेवाल्या हंटिंग्टननं त्याला पहिल्या भेटीत दोन डॉलर दिले, आणि शेवटच्या भेटीत पन्नास हजार. हे वाचल्यापासून वहिनी दोन डॉलर देणाऱ्याकडेही अशा मायेनं बघतात, की त्याला पुढच्या हप्त्याची भीती वाटते. त्याच पुस्तकात सत्तरीची एक गरीब म्हातारी येते. ती म्हणते पैसे नाहीत, पण ही सहा अंडी घ्या. ही गोष्ट वहिनींनी पालकांच्या सभेत इतकी रंगवून सांगितली, की दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात कोणी तरी खरंच अंड्यांचा ट्रे ठेवून गेलं. घरात सगळे शाकाहारी. ट्रे लिलावात गेला.

विटांची मोहीम मात्र मराठी लोकांमुळे अडचणीत आली. शाळेच्या अंगणात देणगीदारांच्या नावाच्या विटा बसवायच्या होत्या. एका विटेवर तीन ओळी, ओळीत ठरावीक अक्षरं. अमेरिकन माणूस 'द मिलर फॅमिली' लिहून मोकळा होतो. आपल्याकडे 'कै. ती. बाबांच्या पुण्यस्मरणार्थ', मग बाबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका. एका गृहस्थांना तीन विटा लागल्या आणि त्यांनी तिन्हींवर सवलत मागितली. त्या वेळी वहिनींनी माँटगोमेरीच्या जॉर्जिया गिलमोरची गोष्ट काढली. वर्णभेदाविरुद्धचा १९५५-५६ चा बसबहिष्कार चालावा म्हणून या बाईनं घरच्या स्वयंपाकावर बायकांचा एक गट चालवला. कोंबडीचे सँडविच, पाय, केक विकायचे आणि पैसे चळवळीला. देणाऱ्यांमध्ये काही गोऱ्या बायकाही असत. नाव कळलं तर कोणाची नोकरी जायची, कोणाचं घर. म्हणून गटाचं नावच ठेवलं 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. पैसे कुठून आले? कुठूनच नाही! "त्यांनी नाव लपवून दिलं," वहिनी म्हणाल्या, "आणि तुम्हाला तालुकासुद्धा हवा?" गृहस्थ विचारात पडले. तालुका काढला, जिल्हा ठेवला.

पण बेथ्यूनबाईंचा खरा धडा वहिनींनी गिरवला तो आमच्या हिशेबतपासनीस काकांवर. काका चार्टर्ड अकाउंटंट. वीस डॉलर देण्याआधी चाळीस प्रश्न विचारतात, आणि उत्तरं मिळाली की दहा देतात. लोक त्यांना टाळतात. वहिनी एका रविवारी पाय घेऊन थेट त्यांच्या घरी.

"काका, पैसे मागायला नाही आले."

काका सावध झाले. पैसे मागायला न आलेला माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

"तुम्ही ग्रंथालय निधीचे अध्यक्ष व्हा."

"कसला निधी? शिल्लक किती?"

"शिल्लक काही नाही. निधीही नाही. अजून माझ्या डोक्यातच आहे."

काकांनी चष्मा पुसला. एवढा स्वच्छ ताळेबंद त्यांनी कधी पाहिला नसावा. ते झाले अध्यक्ष. अध्यक्षाचं नाव यादीत सर्वांत वर हवं आणि समोरचा आकडा खालच्यांना लाज वाटेल असा हवा, म्हणून पाचशे डॉलर स्वतः घातले. आता ते लोकांना रात्री साडेनऊला फोन करून वचन दिलेले पंचवीस डॉलर विचारतात, आणि चाळीस प्रश्न दुसऱ्यांनी विचारले की चिडतात.

वर्षअखेरीच्या चहाला वहिनी आकडे सांगत होत्या, तेव्हा माझ्या तोंडून एक शंका निघाली. म्हटलं, "वहिनी, त्या बेथ्यूनबाईंकडे शाई नव्हती. आपल्या शाळेत थ्रीडी प्रिंटर आहे, चढायची भिंत आहे, भिंतीखाली गाद्यासुद्धा आहेत. इथे शाळेचा बराच पैसा गावच्या घरपट्टीतून येतो. गाव श्रीमंत तर शाळा श्रीमंत, वरून आपण पाय विकून तिला आणखी श्रीमंत करतो. हायवेपलीकडच्या गावातल्या शाळेचं काय?"

खोलीत शांतता पसरली. वहिनींच्या यजमानांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे करुणेनं बघितलं. त्यांना पुढचं माहीत होतं. इतक्या वर्षांत वहिनींच्या घरी शंका काढून कोणी मोकळ्या हातानं परत गेलेलं नाही.

"अगदी बरोबर बोललात, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या नियमात ते बसणार नाही. वेगळी समिती लागेल. तुम्हीच विश्वस्त."

पुढच्याच आठवड्यात आम्ही हायवेपलीकडे. तिथल्या मुख्याध्यापिका आमच्या तोंडांकडे बघत बसल्या. श्रीमंत गावचे लोक न बोलावता काही द्यायला आले की जुने कॉम्प्युटर गळ्यात मारतात, हा त्यांचा अनुभव चेहऱ्यावर लिहिलेला होता. मी पुस्तकांची यादी काढली. बाई म्हणाल्या, पुस्तकं नंतर. आधी कपडे धुण्याचं मशीन आणि ड्रायर द्याल का? काही मुलांच्या घरी मशीन नाही, लाँड्रोमॅटला दर वेळी नाणी मोजावी लागतात, आणि कपडे मळलेले असले की पोरं लाजेनं शाळेत येत नाहीत. मी वहिनींकडे पाहिलं. त्या मशीन कुठे बसेल ते बघायला मागच्या खोलीत पोचल्यासुद्धा होत्या. भिंतीत नळ आहे की नाही, तो गरम पाण्याचा आहे का, सांडपाणी जाणार कुठे, प्लंबर आपल्यातला कोण. त्या खोलीला त्यांनी 'आपली खोली' म्हणायला सुरुवातही केली.

परत येताना गाडीत त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. हे लक्षण चांगलं नसतं.

"भाऊजी, टाइड कोणाचा?"

"कसला टाइड?"

"साबण हो. प्रॉक्टर अँड गँबलचाच ना?"

"हो, पण वहिनी, तो गँबल जाऊन जमाना लोटला."

"माणूस गेला. कंपनी आहे ना? त्यांना लिहा. तुमच्या गँबलनं शंभर वर्षांपूर्वी डेटोनात काय केलं ते आधी लिहा, मग पोरांच्या शर्टांबद्दल लिहा. पैशांचं काही लिहू नका. या म्हणावं, विश्वस्त व्हा."

मी पत्र लिहिलं. वहिनींनी चष्मा लावून दोनदा वाचलं. त्यात 'कृपया' तीन ठिकाणी होतं, त्यांनी दोन खोडले, आणि 'मशीन मिळाल्यास' होतं तिथे 'मशीन मिळाल्यावर' केलं.